पिसवा

रेडकर मावशींची खोली चार महिने बंद होती.
कुलूप काढून आत पाऊल टाकलं
आणि घोट्यांना टाचण्या टोचल्या.

पिसवा. कोषात बसून राहतात म्हणे
फरशी थरथरायची वाट बघत.

फवारा मारून टाका, वॉचमन म्हणाला.
पण मांजर अजून येतं इथे,
आणि ते स्वतःला चाटतं.

म्हणून रोज झाडते. फटी, पलंगाखालचं, उंबऱ्याची खाच.
केर पिशवीत बांधून लगेच खाली.
गोधड्या कढत पाण्यातून काढून
गच्चीवर, विक्रोळीच्या कोरड्या उन्हात.

संध्याकाळी शेंगदाण्या मांडीवर,
हातात उवांची फणी,
शेजारी वाडग्यात साबणाचं पाणी.
मानेपासून शेपटीपर्यंत. एक बुडाली, दोन,
तिसरी निसटली, मेली.
तो गुरगुरतो तोही मावशींच्याच ढंगात.

तिसऱ्या आठवड्यात
मुलाचे शाळेचे पांढरे मोजे चढवले
(काळं काही बसलं तर लगेच दिसतं)
आणि रिकाम्या खोलीत पाय आपटत फिरले,
पलंगापासून खिडकीपर्यंत,
खिडकीपासून त्यांच्या खुर्चीपर्यंत:
या, जे कोण उरलं असेल ते, या.

मोजे पांढरेच राहिले.
कोणीच आलं नाही.
मी परत एकदा पाय आपटला.