डावा चॅनल

खडेबाजारात मडिवाळांच्या दुकानात
ॲल्युमिनियमच्या तोंडाचा रिसीव्हर,
मागं अठरा भोकं, त्यातली निम्मी कशाची
त्यालाही ठाऊक नव्हती.
"केळ्री," म्हणाला, आणि बटण फिरवलं.

खिशात सहा हजार दोनशे.
वरचे दोनशे वडगावच्या रिक्षाचे.
बॉक्सच्या तीन जोड्या काढल्या त्यानं:
पहिलीचा बास असा, की शेजारी भांडायला येतील;
दुसरीची जाळी उंदरानं खाल्लेली;
तिसरी लहान, लाकडी, एकीच्या पाठीवर
कुणाच्या तरी पोरानं पेन्सिलीनं केलेली बेरीज,
हातचा एक विसरून.

ही द्या, म्हटलं.
"रिसीव्हरसकट आठ. चांगला हाय,
खरं डावा चॅनल मधनंमधनं जातो.
सात द्या."

चोवीस वर्षं मागाजवळ उभा आहे,
धोटा डाव्या अंगाला आपटतो.
त्या कानातून आधी झांज गेली, मग पाखरं.
कुकरची शिट्टी रेणुका सांगते तेव्हा कळते.
हे मडिवाळांना सांगितलं नाही.
तोंड पाडून आणखी हजार तोडले.

रात्री गल्लीतले माग थांबले.
वायर दातानं सोलली. लाल ते लाल.
सतार सुरू झाली, मी डोळे मिटले.
बराच वेळ छान चाललं होतं.

"डावीकडचा बंद पडला की हो."

उठलो,
रिसीव्हरच्या टपावर थाप मारली,
आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिलो.

अजून एक मारली.

"आला," ती म्हणाली.