चेंबर नंबर चार, सावदा

बाहेर रात्री अकरालाही छत्तीस,
आत साडेसोळा.
दर तासाला काचेतून आकडा बघायचा,
वहीत मांडायचा, सही करायची:
हे. नि. फेगडे.
मधला वेळ माझा.

हिरवी केळी क्रेटमध्ये निजलेली असतात.
नळीतून गॅस येतो, कुणी कानात सांगितल्यासारखा,
आणि चौथ्या दिवशी पिवळी होऊन उठतात.
सहा वर्षं बघतोय, कधी काही वाटलं नाही.
मग एका गोष्टीत वाचलं,
माणसं थंड पेट्यांत झोपून दूरच्या ताऱ्याकडे निघालीत
आणि एकटाच जण जागा आहे, आकडे मांडायला.
मी उठलो, चेंबरचं दार
विनाकारण एकदा तपासून आलो.

गोष्टी फुकट मिळतात.
पहिल्या रात्री मोबाइल हातात धरून वाट बघत बसलो,
आता पैसे मागतील, आता ओटीपी मागतील.
कुणी काही मागितलं नाही.
लिहिणारे केव्हाच वारले. इतकी वर्षं लोटली
की कायदाही म्हणाला, असू द्या आता,
बांधावरच्या बोरीसारख्या,
ज्याचा हात पोचेल त्याच्या.

त्यांच्या मंगळावर कालवे आहेत.
त्यांच्या शुक्रावर बारमाही पाऊस, चिखल, रान.
आता ठाऊक झालंय, तिथं शिसं वितळतं.
मे महिन्यात सावद्याला बसून
मी तरी जुनाच शुक्र वाचतो.

इंग्रजी मला कोरड्या भाकरीसारखं,
दर घासाला पाणी लागतं.
नव्या गोष्टीही असतात, कालपरवाच्या.
एक बाई लिहिते, कुठल्या देशाची कळत नाही,
शेवटी स्वतःबद्दल दीड ओळ: रात्रपाळी, दोन मांजरं.
तिला मी आमच्याच शिफ्टमधली धरतो.

आणि मराठी.
एका जुन्या दिवाळी अंकाची फोटो काढलेली पानं,
कडेला कुणाचा तरी अंगठा, नखात शाई.
वाचनालयाचा शिक्का, गावाचं नाव पुसलेलं,
उरलंय फक्त 'ता. रावेर'.
म्हणजे माझाच तालुका.
वीस किलोमीटर यायला
ही गोष्ट कुठून कुठून फिरून आली.

तापीकाठी यान उतरतं, कपाशीच्या वावरात.
वावराचा मालक विचारतो, नुकसान कोण भरून देईल?
यानाचं दार उघडतं,
आणि साठनंतर एकदम पान त्रेसष्ट.
त्यावर केसांच्या तेलाची जाहिरात.

जुम्मा तडवी दिल्लीच्या गाडीवर असतो.
भरणी चालू होती, तो खुर्चीमागे येऊन उभा.
"काय वाचून राह्यला भो?"
सांगितलं.
"दार उघडलं. मंग?"
"मंग पान नाही."
"आसं कसं नाही? सांग ना भो,
मले बऱ्हाणपूरलोक झोप नको यायला."

मी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत,
आकडे सोडून, सही सोडून.
म्हटलं, दारातून कुणी उतरलंच नाही.
आत क्रेटवर क्रेट, हिरवं काहीतरी निजलेलं,
कुठल्या झाडाचं ते कळेना.
दाराशी एक जण खुर्चीवर, मांडीवर वही.
त्यानं मान वर करून विचारलं...
काय विचारलं?
जुम्माच्या बोटांत विडी विझलेली.
"विचारलं, तुमच्याकडं किती वाजले, भो?"

जुम्मा हसला नाही.
क्लीनरला हाक मारली, केबिनमध्ये चढला,
काच खाली करून म्हणाला,
"मंगळवारी येतो. तवर पुढचं शोधून ठेव."

शोधून, म्हणाला.

दोनची नोंद त्या रात्री
तीनला दहा कमी असताना झाली.
आकडा तोच होता.