त्यातलं

म्हापशात पतपेढीच्या वरच्या मजल्यावर
मंगळवारी आणि शुक्रवारी इव्होन मिस फ्रेंच शिकवतात.
आम्ही सात जण. पाच जणांना परदेशी जायचंय,
एकाला हॉटेलात बढती हवी आहे,
आणि मी, वकिलांकडची टायपिस्ट, वय सत्तेचाळीस.
'कशासाठी शिकता' हा रकाना मी फॉर्मवर कोराच ठेवला.

आज फळ्यावर चार शब्द: द्यु, द ला, द ल, दे.
मिस म्हणाल्या, जे मोजता येत नाही
आणि अख्खं कुणाच्याच हाती लागत नाही
त्याच्याआधी हे लावायचं.
पाव खाल्ला म्हणू नका,
जगातला सगळा पाव काय तुम्ही खाल्लात?
पावातला खाल्ला.
मागच्या बाकावरून रुझारियो म्हणाला,
मी अख्खे खाल्ले, मिस. दोन.
मग मोजलेस ना? दोन म्हण. पुढे.

मला सकाळची आनास्तासिया आठवली,
ओल्या गोणपाटावर वाटे लावून बसलेली.
पाच बांगडे, वर एक बारका, मन राखायला.
"वाटो कितल्याक?" एवढंच विचारतात तिला.
समुद्राचं नाव कुणी काढत नाही.
तो मागे आहे हे धरूनच भाव होतो.

गृहपाठाची वही परत आली, एका वाक्याभोवती लाल वर्तुळ.
मी लिहिलं होतं: मला मासळीतलं आवडतं.
आवडण्याला तुकडा चालत नाही, मिस म्हणाल्या,
आवडते ती सगळी मासळी,
काट्यासकट, तुम्ही न पाहिलेलीसुद्धा.
खाताना मात्र ताटात पडेल तेवढी.
आणि त्या डस्टर शोधू लागल्या.

मग नकार.
नाही म्हटलं की द्यु, द ला, दे, सगळे गळतात.
नुसतं 'द' उरतं, बारीक,
ना बाईचं, ना बाप्याचं, ना एकाचं, ना अनेकांचं.
उदाहरण ज्याचं त्याने बनवायचं होतं.
मी लिहिलं: माझ्याकडे घर नाही.
बरोबर, मिस म्हणाल्या. शुद्ध.

पार्श्याचं घर तीन भावांचं आणि माझं.
हक्कसोडीचा कागद मीच टाइप केला, आमच्याच ऑफिसात,
माझंच नाव, बापाचं नाव, एक चतुर्थांश.
कुठेही खाडाखोड नाही.
थोरला म्हणाला, तुला काय कमी आहे?
कमी काहीच नाही. तेच तर मिसना विचारायचं होतं,
कमी नसलेल्याला कुठला शब्द लावतात.

शेवटी तोंडी. तुम्हाला काय हवंय?
रुझारियोला पैशातलं हवं होतं,
सुलक्षाला नशिबातलं.
माझी पाळी आली.
मी म्हटलं, द ल'ओ. पाण्यातलं.
मिसनी आपली बाटली पुढे सरकवली.
आता कसं सांगायचं? प्यायले.
नळाचं होतं, क्लोरीनच्या वासाचं.

सोमवारी सहीच्या आधी
मी कागदाच्या तळाशी पेनाने एक ओळ घातली:
परसातल्या विहिरीतलं पाणी वगळून.
वकील चष्मा काढून म्हणाले, बाई, इतकी वर्षं टाइप करताय,
असं लिहितात का? विहीर लिहा.
विहीर तरी लिहा, नाहीतर काहीच लिहू नका.
मी म्हटलं, विहीर नको.
विहीर म्हटलं की मोजणी येते, दोरी येते, भाऊ येतात.
त्यातलं हवंय.
त्यातलं म्हणजे किती?

आमच्या भाषेत, मी म्हटलं,
ते विचारत नाहीत.
कुठली भाषा, ते त्यांनी विचारलं नाही.
धाकटा खिडकीपाशी उभा होता.
तो म्हणाला, कळशी अजून तिथंच आहे, कठड्यावर.