प्रसूती करणाऱ्याचे नाव

रजिस्टरात अकरा रकाने.
नववा : प्रसूती करणाऱ्याचे नाव.
रुंदी दोन बोटं. माझं एकटीचं आडनावच
त्यात हातपाय दुमडून बसतं.

भवानी पेठेतलं महापालिकेचं प्रसूतिगृह,
पाठीला टिंबर मार्केट;
खिडकी उघडली की भुसा थेट आत.
एस्तेर सिस्टर रोज ती बंद करायला लावतात
आणि रोज स्वतःच बोटभर फट ठेवतात.
कळा देणाऱ्या बाईला वारा लागतो, म्हणतात.

शाहीन पहिलटकरीण, काशेवाडीची.
रात्री तीनला मॉनिटरवर ठोके शहाण्णव.
मी भूलतज्ज्ञांना उठवलं, फॉर्म भरला,
शाहीनचा नवरा पेन शोधत खिसे उलटे करत होता.
सिस्टरनी पट्टा बाजूला सारला,
लाकडी कर्णा पोटावर टेकवला
आणि शेजारचं भांडण ऐकायला
भिंतीला लावावा तसा कान लावला.
एक हात शाहीनच्या मनगटावर.
"हे शहाण्णव आईचे, डॉक्टर.
पोर इथं आहे, खाली. एकशे अडतीस."

मला राग आला. यंत्राचा नाही.
मग मीही वाकले, कान लावला,
लाकूड त्यांच्या कानानं अजून कोमट होतं.

भूलतज्ज्ञ तोवर स्वारगेटला पोचलेले.
म्हणाले, आलोच आहे तर चहा पिऊन जातो.
सव्वापाचला मुलगी झाली, आपली आपण.

आणि गौरी गेल्यानंतरची ती पहाट :
सिस्टर ड्यूटी रूमच्या दारात, एकाच पायात चप्पल.
"माझं संपलं. आता तुम्ही."
एवढंच. मी कारण विचारलं नाही,
तसा वेळही नव्हता.
कापताना मी बोलत नाही, बोलता येत नाही;
पडद्यापलीकडे त्या मंदाकिनीच्या उशाशी बसून
माझं सगळं तिला सांगत होत्या :
आता जरा ओढल्यासारखं होईल हं,
आता डॉक्टर नाळ सोडवतायत,
गळ्याभोवती दोन वेढे आहेत, सुटतील,
सुटले.

ते वेढे त्यांना बाहेरून कसे कळले
हे मी अजून विचारलेलं नाही.

सकाळी त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं, मी त्यांच्याकडे.
शेवटी मी लिहिलं, साळवे.
त्यांनी तिरकी रेघ ओढून पुढे माझं नाव कोंबलं.
ते दहाव्या रकान्यात सांडलं,
बाळाच्या वजनावर.

ढमढेरे क्लार्क चष्मा कपाळावर चढवून :
मॅडम, दोन किलो सातशे की नऊशे?
आणि रकान्याबाहेर कोण गेलंय?

मागे पहिली करवत सुरू झाली.
आम्ही दोघी खिडकीकडे बघत राहिलो.