अकरावा रकाना

वाशीच्या पालिका रुग्णालयात, तळघरात,
लिफ्टच्या मशीनखोलीला लागून
आमचं रेकॉर्ड.
डॉक्टर खानोलकरबाईंना जुने केसपेपर हवेत,
श्वासाच्या त्या आजाराचे, सगळे.
अकरावा रकाना लसीचा.
शून्य, एक, दोन. माहीत नसेल तर नऊ.

मी वाचते, त्या टाइप करतात.

कोपरखैरण्याचे थळे, एकसष्ट, दोन.
ऑक्सिजन चार दिवस. घरी.
दिवाळ्याची मासेवाली, नाव नीट लागत नाही, दोन.
सहा दिवस. घरी. शेऱ्यात कुणी लिहिलंय,
भात अळणी म्हणून तक्रार.
तुर्भे स्टोअरचा इस्माईल, चौतीस, शून्य.
नळी. अकरा दिवस.
पुढे फक्त एक वेळ, पहाटेची.

"दोन म्हणजे वाचलाच, असं नाही हं,"
डॉक्टर मान वर न करता.
खरंय. डायलिसिसवाले पडवळ सर, दोन,
तरी गेले.
आणि ऐरोलीचा तो रिक्षावाला, शून्य,
चालत गेला,
वर हरवलेल्या चपलेवरून भांडून.
एकेका कागदाला काही कळत नसतं.
गठ्ठा उंच झाला
की एका बाजूला कलायला लागतो.

चारशे सत्तावीस.
हा मी तीनदा तळाशी सरकवला होता.
आनंदराव धोंडिबा शेलार, अठ्ठावन्न,
माथाडी, फळबाजार.
बावीस एप्रिलला त्यांचा नंबर होता,
मीच लावलेला, ओटीपीसाठी रात्री जागून.
"आंब्याचा सीझन जाऊ दे गं.
दंड सुजला तर पेट्या कोण उचलणार?"
मी म्हटलं, बरं.

या बरंला रकाना नाही.

"किती?"
आडनाव त्यांनी वाचलंय. माझ्या गळ्यातल्या
ओळखपत्रावरही तेच आहे.
बोटं कीबोर्डवर थांबलीत.
नऊ म्हणता आलं असतं.
नऊवाले हिशेबातून गळतात,
सकाळी त्यांनीच सांगितलं होतं.

शून्य, मी म्हणते.
ऑक्सिजन नऊ दिवस. नळी पाच.

त्या लिहितात. काही बोलत नाहीत, बरं करतात.
वर कुठेतरी लिफ्ट अडकते, सुटते.
माझ्या डाव्या दंडावर
परवाच्या फ्लूच्या सुईची जागा
अजून ठणकतेय.

चारशे अठ्ठावीस.