इतर सुविधा

चर्चच्या शिक्षण कचेरीकडून फॉर्म आलाय,
चार पानी, घडीवर फाटलेला.
पहिला रकाना: स्थापना.
मी लिहिते एकोणीसशे अकरा,
दारावरच्या दगडात तेवढंच कोरलंय,
खाली पास्टर देलार्श यांचं नाव.
पण न्ताते मोजाकी म्हणायचे, शाळा त्याआधीचीच;
कड्याच्या कपारीत, मेंढरांच्या उबेला,
गुराखी पोरं काठीनं राखेत अक्षरं ओढायची
आणि वारा सुटला की धडा उडून जायचा.
राखेचं साल कोणतं लिहू?

संस्थापक.
ओळ एकच दिली आहे.
ओढ्यापासून टेकाडावर दगड वाहिले बायकांनी,
डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर वालुकाश्म,
पाठीला ब्लँकेटात बांधलेलं मूल.
भिंतीत एक दगड बोटभर पुढे आलाय,
पोरी त्याला मामोसाची आजी म्हणतात,
परीक्षेला जाताना हात लावून जातात.
बाकीच्या दगडांची नावं कुणी विचारली नाहीत.

वर्ग आठ, पैकी दोन गळके.
वसतिगृह एक. आधीचं
चौऱ्याहत्तर साली वीज पडून जळालं.
त्या रात्री प्रार्थना लांबली होती,
ऑर्गनची पट्टी खाली अडकली, वर येईना,
आमेन झालं तरी सूर चालूच,
आणि साठ पोरी हसू दाबत बाकांवर बसून राहिल्या.
पलीकडे पलंग पेटले तेव्हा त्यांत कुणी नव्हतं.
गावात याला अजून चमत्कार म्हणतात.
मी लिहिते, ऑर्गन: नादुरुस्त.

सूक्ष्मदर्शक एक, भिंगाशिवाय.
पुस्तकं अकराशे चाळीस,
त्यांतली तीनशे फ्रेंच, पानं न कापलेली,
इथं कुणालाच न येणाऱ्या भाषेतली.
केनेउए ती ब्लेडनं उघडत बसते, दुपारी एक.
काय मिळालं ग, विचारलं,
तर म्हणाली, "आत अजून कुणी गेलं नव्हतं."

नळ सहा.
पाणी आहे का, असं फॉर्म विचारत नाही.
खालच्या खोऱ्यात धरण झालं,
पाणी बोगद्यातून डोंगर ओलांडून दुसऱ्या देशात जातं
आणि आमच्या तोट्यांतून पहाटे नुसता वारा शिट्टी घालतो.
जुलैत बर्फ पडलं की पोरी खूष,
बादलीभर आयतं पाणी दाराशी.

घंटा.
हा रुळाचा तुकडा आहे, हातभर,
न्ताते मोजाकींनी सोन्याच्या खाणीतून आणलेला.
लेकीची फी भरायला त्या साली रोकड नव्हती.
हेडबाई म्मे सेबोलेलोंनी तो उचलून पाहिला,
हातोडीनं एकदा वाजवला,
आणि वहीत लिहिलं: दिली.

ती लेक मी.
एकतीस वर्षं याच टेबलाशी बसलेय.
बापाचं पाकीट यायचं बंद होतं,
आधी दोन महिने, मग कायमचं,
आणि पोर दारात उभी राहते, बूट हातात घेऊन,
जणू तेही परत करायचे आहेत.
मी वही उघडते. लिहिते: दिली.
बेरीज जुळवायला कुठे खडू, कुठे रॉकेल.
या वर्षी एकशे सत्तर पोरींचं खडू-रॉकेल झालंय.

थकबाकी, असं विचारलंय पान तीनवर.
पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं,
शाईचा ठिपका पसरत
शून्याएवढा झाला.
मग त्याला शून्यच केलं.

शेवटी: इतर सुविधा, असल्यास.
बाहेर रूळ वाजतोय, पाचचा.
कुणीतरी नवी असावी,
तीन टोल जास्तच दिले.
मी लिहिते,
ग्रंथालयाची चार नंबरची खिडकी लागत नाही,
कृपया सुतार पाठवावा.