आभार मानताना

फ्लेक्स आला तेव्हा साडेनऊ वाजले होते.
'तत्त्वज्ञान'मधला एक त त्यावर नव्हता.
उत्तरवार मॅडम चष्मा वर सरकवून म्हणाल्या,
राहू द्या, विषयाला धरूनच आहे.

विषय होता : अभाव, सातवा पदार्थ.
व्याख्यान सर्वांसाठी खुले, चहा विभागातर्फे.
कॉमर्सची दोन पोरं दारातून डोकावली,
आधीचे सहा पदार्थ संपले का, म्हणाली,
आणि मागच्या बाकावर बसली ती, खरं सांगतो,
शेवटपर्यंत उठली नाहीत.

नांदेडचा एप्रिल. उसन्या कूलरच्या घरघरीत
धारवाडच्या हळ्ळीकेरी सरांचं मराठी
कानडी हेल काढत थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.
जमिनीवर घडा नाही, ते म्हणाले.
हे 'नाही' दिसतं कशानं?
डोळ्याला तर नुसती जमीन दिसते.
आणि घडा ज्यानं कधी पाहिलाच नाही
त्याला इथं काय कमी आहे?
ज्याचा अभाव, ते आधी ठाऊक हवं.
शतकं गेली या एका घड्यावर भांडण्यात,
अजून कुणी तो भरून आणलेला नाही.

आम्ही अकराजण वह्या उघडून.
त्यात चौघं प्रमाणपत्रासाठी,
पाचवा मी, पीएच.डी., वर्ष सहावं.

प्रश्नांच्या वेळी नेहमीची शांतता.
मग खिडकीपाशी हात वर आला :
ग्यानोबा सुरनर, निवृत्त कंडक्टर, अहमदपूर डेपो.
पेपरात 'खुले' एवढा शब्द वाचला की येतात.
उभे राहिले, पुढच्या बाकाला
गाडीच्या दांडीसारखं धरून.

"सर, एकतीस वर्षं गाडीवर होतो.
लोह्याला चहाला थांबायचो.
लोक उतरायलेत, चढायलेत, मी दोरी ओढणार
अन् हात थांबायचा.
मोजलेलं नसायचं. कोण कुठं बसलं होतं
तेबी ध्यानात नसायचं.
पण गाडीत एक माणूस कमी आहे
हे बघितलं की कळायचं.
मग हाका मारायचो. कुणाला, ते मलाच ठाऊक नाही.
कुणीतरी पळत यायचं, हातात भज्याचा कागद.
तर सर, घडा ठाऊक नसताना
मला त्याचं नसणं दिसलं कसं?"

सर बोलले नाहीत. कूलर बोलत राहिला.
मग त्यांनी खिशातलं पेन काढून
आपल्याच टिपणाच्या समासात काहीतरी लिहिलं,
आणि विचारलं, कधी चुकलात?

"एकदा. वीस मिनिटं गाडी उभी केली.
शिव्या खाल्ल्या. सगळे होते.
अजून वाटतं, कुणीतरी राहिलं."

त्यावर नैयायिकांचं उत्तर आलं, मग मीमांसकांचं,
मग सरांचं स्वतःचं, अर्धवट.
मला काहीच नीट उतरवून घेता आलं नाही.

आभार माझ्याकडे होते. कागद काढला.
कुलसचिव, वक्ते, कूलर देणारा भूगोल विभाग,
माइकवाले मुस्तफाभाई, चहावाला सायलू,
कॉमर्सची ती दोघं, नावं विचारून.
यादी संपली. राहिलं फक्त ते वाक्य
जे प्रत्येक आभारात असतं
आणि जे मी आजवर न ऐकताच ऐकत आलोय :
अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असेल तर

इथं मी थांबलो.
बाकांवरून नजर फिरवली, एकदा, पुन्हा एकदा.
ग्यानोबाकाका माझ्याकडेच बघत होते,
मूठ खांद्याच्या वर, अर्धवट मिटलेली,
दोरी न ओढता.

सरांची गाडी साडेपाचची होती.
कुणी घाई केली नाही.